पोट आत, पोट बाहेर : तुमचे अनुभव सांगा

सपाट पोट म्हणजेच तंदुरुस्त शरीर, असं आपण कधीपासून धरून चाललो कोण जाणे. मी बरीच वर्षं नियमित व्यायाम करते. वजनं उचलते, पोहते, जिने चढताना गप्पा मारत चढते. साखर, रक्तदाब जागच्या जागी. पोट मात्र आहे तसंच. उभं राहिलं की बेंबीखाली एक घडी, बसलं की दोन. जिममध्ये नवीन आलेल्या एका मुलीनं परवा अगदी प्रेमानं विचारलं, "तुम्हीपण आत्ताच सुरू केलंय का?" राग नाही आला, पण घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच. एवढ्या घामाची पावती पोटावरच छापलेली पाहिजे का?

एकीकडे "आहात तशाच छान आहात" म्हणणारे. त्यांच्यासमोर कंबरेचा घेर आणि आजारांचा विषय काढला की ते दुखावतात. दुसरीकडे पोट दिसलं की माणूस आळशी, खादाड, बेशिस्त असा निकाल देऊन मोकळे होणारे. मला दोघांचंही अर्धंच पटतं. म्हणून तुम्हाला विचारतेय, तुमचं तुमच्या पोटाशी कसं चाललंय? बायका, पुरुष, बाळंतपण झालेल्या, न झालेल्या, सिक्स पॅक कमावलेले, कंटाळून सोडलेले, सगळ्यांनी लिहा. दोनच विनंत्या आहेत. किती किलो घटवलं त्याची जाहिरात नको, आणि कुणी मागितल्याशिवाय कुणाला डाएट सुचवायचं नाही.

* * *

आमच्याकडे पोट वंशपरंपरेनं आहे. आजोबांचं होतं, वडिलांचं आहे, मला आलं. इस्टेटीत तेवढंच मिळालं. सविस्तर नंतर लिहितो.

* * *

जुळ्यांची आई. मुलं शाळेत जायला लागली तरी मला "कितवा महिना?" विचारायचे. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. आधी खरं काय ते सांगायचे, मग समोरचा माणूस इतका ओशाळायचा की त्याचीच समजूत काढावी लागायची. शेवटी थँक्यू म्हणून सरळ बसायला लागले.

पोट जावं म्हणून मी रोज रात्री मुलं झोपली की क्रंचेस मारायचे. मोजून, वाढवत वाढवत. पोट कमी व्हायचं राहिलं बाजूला, उठताना मधोमध एक उभा उंचवटा दिसायला लागला. कंबर तर रोजच दुखायची. मैत्रिणीनं हाताला धरून फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिनं मला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला सांगितले, बेंबीच्या जरा वर बोटं टेकवली आणि म्हणाली, "आता फक्त डोकं उचला. खांदे नाही, डोकं." मी उचललं आणि तिची तीन बोटं आत रुतली. "तुम्ही स्वतः बघा." मी बघितलं. दोन्ही बाजूंना घट्ट कडा आणि मध्ये बोटं अडवणारं काहीच नाही. स्वतःच्याच पोटाला असा हात लावताना अंगावर काटा आला.

पोटावर उभे दोन स्नायू असतात, त्यांना मधे एक पट्टी जोडते. गरोदरपणात ती ताणते आणि स्नायू एकमेकांपासून लांब जातात. शेवटच्या महिन्यात जवळपास सगळ्यांचंच होतं, पुढे काहींचं आपोआप मिटतं, काहींचं नाही. याला डायास्टॅसिस म्हणतात. नॉर्वेत 300 पहिलटकरणींचा अभ्यास झाला होता, 2016 साली छापून आला. त्यात बाळंतपणाला वर्ष झालं तरी साधारण दर तिघींतल्या एकीची ही फट राहिलेलीच होती. दर तिघींतली एक! आणि मला वाटत होतं मीच तेवढी ढिली.

मग क्रंचेस बंद. श्वास सोडत सोडत आतला स्नायू आवळायचा, मूल उचलताना आधी श्वास सोडायचा, कुशीवर वळून उठायचं, असं सगळं बारीकसारीक. काही महिन्यांनी कंबरदुखी गेली. फट कमी झाली, पूर्ण नाही भरली. आणि शिंक आली की लघवी निसटेल म्हणून पाय आवळून उभं राहायची सवय सुटली. हे मुद्दाम लिहितेय, कारण यावर सगळ्याजणी गप्प असतात आणि प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच होतंय.

पोट सपाट झालं का? नाही. वरची कातडी सैल आहे ती आहेच. बसमध्ये जागा मिळते अजून.

* * *

मी सिक्स पॅक केलेला माणूस आहे, तेव्हा माझंही ऐका.

शरीरसौष्ठव स्पर्धेला उतरायचं होतं. जिद्दीनं उतरलो, आवडीनं उतरलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटोत जे दिसतं ते कसं येतं हे लोकांना माहीत नसतं. शेवटच्या काही आठवड्यांत मला कायम थंडी वाजायची. उन्हात स्वेटर घालून बसायचो. बायको काही विचारायला आली की खेकसायचो. शरीरसुखाची इच्छा वगैरे तर विसराच. शेवटच्या दिवसांत पाणीही मोजून, कातडी स्नायूंना चिकटून दिसावी म्हणून. (हे धोक्याचं आहे, कृपया कुणी करू नका.) स्टेजवर दिव्यांखाली मी पोलादी दिसत होतो. त्याच दिवशी मागचा जिना उतरताना कठडा धरून उतरलो.

रात्री झोप यायची नाही, मग मी पाककृतींचे व्हिडिओ बघत पडायचो. तासन्‌तास. जे खायचं नाही त्याच्या पाककृती. मला वाटलं डोकं फिरलं आपलं. पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उपासमारीच्या प्रयोगाबद्दल वाचलं. 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही जेवणाचीच स्वप्नं बघायला लागले, पाकशास्त्राची पुस्तकं वाचायला लागले, चिडचिडे झाले, थंडीनं कुडकुडायला लागले. वाचून इतकं हायसं वाटलं! भुकेलं शरीर असंच वागतं.

दुसरी गोष्ट, जिममधल्या पोरांसाठी. पॅक सहा पडणार, चार की आठ, हे जन्मतःच ठरलेलं असतं. त्या उभ्या स्नायूला आडवे पट्टे किती आणि कुठे आहेत त्यावर ते अवलंबून. काहींचे समोरासमोर नसतात, वरखाली असतात, तर तसेच दिसणार. व्यायामानं स्नायू जाड होतो, पट्ट्यांची जागा बदलत नाही. मी एका मुलाला या कारणासाठी ढसाढसा रडताना पाहिलंय.

सध्या पोटावर एक थर आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त वजन उचलतो. भेटणारे विचारतात, "सोडलंस का रे व्यायाम?"

* * *

थोडं उलट बोलतो, सांभाळून घ्या.

मला माझ्या पोटाचा काडीचाही त्रास नव्हता. आरशात बघून वाईट वाटलं नाही, बायकोनं टोमणे मारले नाहीत, शर्ट एक माप मोठा घेतला की काम झालं. शरीराचा स्वीकार म्हणतात तो माझ्याकडे आधीपासूनच भरपूर होता. मग दुसऱ्याच कशासाठी तरी सोनोग्राफी केली तेव्हा लिव्हरवर चरबी निघाली. रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघितलंच नाही. टेप काढली, श्वास सोडायला लावला आणि कंबर मोजली. आपल्या दक्षिण आशियाई बांध्यासाठी पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि बाईला 80 ही धोक्याची खूण धरतात. मी ती ओलांडून बराच पुढे गेलो होतो.

त्यांनी मला पोट चिमटीत धरून दाखवलं. हे चिमटीत येतं ते कातडीखालचं, म्हणाले, याचा मला तेवढा राग नाही. पण तुमचं पोट टणक आहे, चिमटीत फारसं येतच नाही, म्हणजे चरबी आत आहे, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये. ती दिसत नाही आणि तीच घात करते.

त्यानंतर चालणं, आठवड्यातून दोनदा वजनं, दारू बंद, रात्रीचं जेवण लवकर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तेवढा कसाबसा होतो. किलो किती गेले ते नियमाप्रमाणे सांगत नाही. पुढच्या सोनोग्राफीत लिव्हर जवळपास स्वच्छ आलं. गंमत म्हणजे पोट अजून दिसतंच, शर्टाचं माप तेच आहे.

तेव्हा "पोटाचा स्वीकार करा" म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न, कुठल्या पोटाचा? चिमटीत येणाऱ्या की न येणाऱ्या?

* * *

वरच्यांना जोडून लिहिते. माझी तक्रार वेगळी आहे. मला उभ्या जन्मात कुणी जाडी म्हटलं नाही. हातापायाच्या काड्या, गालफडं बसलेली, वजन कायम "नॉर्मल". पोट तेवढं जरा पुढे. ते सैल कपड्यांत लपायचं. माझी जाड बहीण घरातल्या प्रत्येकाकडून व्यायामाचे सल्ले ऐकत मोठी झाली, आणि वैतागून का होईना, पळायला लागली. मला कुणी काही बोललं नाही. चाळिशीच्या आधी साखर माझी वाढली, तिची नाही.

पुण्याचे मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच, 22.3. आणि अंगातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. बीएमआय सारखा, आतून दुपटीपेक्षा जास्त फरक. मी तो फोटो फ्रिजवर लावलाय. कुणी "तुला काय गरज व्यायामाची, तू तर बारीक आहेस" म्हणालं की फ्रिजकडे बोट दाखवते.

आता वजनं उचलते, कारण रक्तातली साखर ओढून घ्यायला स्नायू हवेत आणि माझ्याकडे ते नव्हतेच. सगळे विचारतात, "अजून किती बारीक होणार?" मला जाड व्हायचंय हो, फक्त दंडात आणि मांड्यांत.

* * *

मी ट्रेनर आहे. आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी पोटावर हात ठेवतो. "बाकी काही नको, हे एवढं घालवा." मी सांगतो, चरबी पत्ता विचारून उतरत नाही.

1971 साली टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते. खेळायच्या हाताचा घेर जास्त भरला, म्हणजे स्नायू मोठा. पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच. वर्षानुवर्षं एकाच हातानं खेळूनसुद्धा. 2011 साली दुसऱ्या एका अभ्यासात काही लोकांकडून सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम करून घेतले. पोटाची ताकद वाढली, पोटावरची चरबी जिथल्या तिथे. शरीर चरबी कुठून आधी काढणार आणि कुठून शेवटी, हे ते स्वतः ठरवतं, आणि पुष्कळ जणांचं पोट रांगेत शेवटी असतं.

हे मी सांगतो आणि निम्मे लोक दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत. रस्त्यापलीकडचा माणूस "एका महिन्यात पोट सपाट" सांगतो, ते तिकडे जातात. धंदा म्हणून त्याचंच बरोबर आहे. आधीचा-नंतरचा फोटो कसा काढतात तेही सांगून टाकतो. मी स्वतः एकाच सकाळी दोन्ही काढून दाखवलेत. पहिला : पोट भरलेलं, खांदे पडलेले, समोरून सपाट उजेड, श्वास सोडलेला. दुसरा : चार उठाबशा, वरून तिरका उजेड, पँट दोन बोटं वर, श्वास आत. मधे चहा प्यायलाही वेळ लागला नाही. ज्यांना दाखवतो ते आधी हसतात, मग फोनवर काहीतरी शोधायला लागतात. त्यांनी पैसे भरलेल्या जाहिरातीतला फोटो असतो तो.

अजून एक. दिवसभर पोट आत ओढून वावरणाऱ्या बायका आणि हल्ली पुरुषसुद्धा फार बघतो. बोलताना खांदे वर-खाली होतात, कारण श्वास छातीतच अडतो. पडद्याचा स्नायू, डायफ्राम, खाली उतरायला जागाच नाही. त्यांना मी पहिला व्यायाम देतो तो पोट सोडायचा. झोपायचं, पोटावर हात ठेवायचा, श्वासाबरोबर हात वर येऊ द्यायचा. फार अवघड जातो. एक बाई म्हणाल्या, "सर, लाइट बंद करता का?"

* * *

"सर, लाइट बंद करता का" वाचून थांबले थोडा वेळ.

आई गेल्यावर तिचे फोटो काढायला बसले. प्रत्येक फोटोत तिच्या पोटावर काहीतरी आहे. उशी. पर्स. कुणाचं तरी बाळ. एकात तर वर्तमानपत्र. एकटी, मोकळी उभी असलेली आई एकाही फोटोत नाही. मला पोटाबद्दल वेगळा अनुभव लिहिण्यासारखा नाही.

* * *

मी धावायचे. लांब पल्ल्याचं. त्या काळात मला जेवढ्या शाबासक्या मिळाल्या तेवढ्या आयुष्यात कशाला मिळाल्या नाहीत. "काय पोट आहे! काय शिस्त आहे!" ऑफिसात बायका येऊन पोटाला हात लावून बघायच्या. माझी पाळी बंद होती. मला ती कटकट गेल्यासारखी वाटायची, सोयच झाली. मग पायाच्या हाडाला बारीक चीर गेली, न पडता, न आपटता. हाडांची घनता तपासली तर वयाच्या मानानं कितीतरी कमी.

खर्च होतो त्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर एकेक खातं बंद करत जातं. आधी प्रजनन, मग हाडं, प्रतिकारशक्ती, मूड. खेळांच्या वैद्यकात याला रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये हे नाव पुढे आणलं, पुरुषांनाही होतं म्हणून. तोवर ते फक्त बायकांचं दुखणं समजायचे. मुद्दा काय, सपाट पोट हा काही वेळा रोगाचं लक्षण असतो आणि लोक त्याच लक्षणाची पाठ थोपटतात.

सगळ्यात कठीण पाळी परत आणणं नव्हतं. खायला लागले, पळणं निम्म्यावर आणलं, आली पाळी. कठीण होतं ते टी-शर्ट वर करून बघणं थांबवणं. उठल्यावर, दात घासताना, कपडे घालायच्या आधी, घातल्यावर, लिफ्टमध्ये एकटी असले तर तिथल्या आरशात. समुपदेशक म्हणाल्या, पोटावर प्रेम करायला शिका. प्रामाणिकपणे सांगते, मला ते जमलं नाही. रोज पोटाकडे बघून छान छान बोलायचं म्हणजे पुन्हा पोटाकडेच बघायचं ना! आधी द्वेषाचा गृहपाठ होता, आता प्रेमाचा. दुसऱ्या बाई भेटल्या, त्यांनी सांगितलं, प्रेमबीम राहू द्या, आवडलं नाही तरी चालेल, फक्त त्याच्यावर दिवस काढू नका. हे जमतं. बऱ्याच दिवशी दुपारपर्यंत मला पोट आहे हे आठवतसुद्धा नाही.

ज्यांची पाळी व्यायामानं गेलीय त्यांनी खूश होऊ नका. डॉक्टरकडे जा.

* * *

डॉक्टरकडे जा यावरून, माझंही घ्या. माझं पोट काही महिन्यांत वाढलं. मी, नवरा, सासूबाई आणि ज्या डॉक्टरकडे गेले ते, सगळ्यांचं एकमत : वजन वाढलंय, हलत नाहीस. डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता चालायला जा म्हणून सांगितलं. मी चालले. पोटाचे व्यायामही लावले. हात बारीक झाले, चेहरा उतरला, पोट वाढतच राहिलं. दोन घास खाल्ले की पोट गच्च, आणि सारखी लघवीला घाई. दुसऱ्या डॉक्टरांनी एकदा दाबून बघितलं आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. बीजकोशावर मोठी गाठ होती. साधी निघाली, काढली, मी ठणठणीत.

पण बीजकोशाच्या कर्करोगातसुद्धा हीच लक्षणं असतात, पोट फुगलेलं राहणं, लगेच पोट भरणं, वारंवार लघवी. रोज होत असेल आणि काही आठवडे टिकलं तर तपासून घ्या. आणि मला पोट स्वीकारायला सांगणारी मैत्रीण आणि पोट घालवायला सांगणारे डॉक्टर, दोघांनीही तपासायचं सोडून सगळं सांगितलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

* * *

मी लायपोसक्शन करून घेतलंय आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही. लिहा म्हणालात म्हणून लिहिते, कारण अशा चर्चेत आमच्यासारख्यांना एकतर बिचाऱ्या ठरवतात नाहीतर उथळ.

व्यायाम आधीही करायचे, आताही करते. खालच्या पोटावरचा एक गोळा मला खटकायचा, पैसे होते, काढला. सर्जननी आधीच सांगितलं की हे दिसण्यासाठी आहे, तब्येतीसाठी नाही. 2004 सालच्या एका अभ्यासात 15 लठ्ठ बायकांच्या पोटातून सरासरी दहाएक किलो चरबी अशी ओढून काढली होती, तरी साखर, इन्सुलिन, कोलेस्टेरॉल कशात सुधारणा नाही. आतली चरबी तशीच राहते ना. म्हणजे वर एकांनी चिमटीचं लिहिलंय ते खरंच आहे, लायपोसक्शन फक्त चिमटीतलं नेतं. सर्जननी हेही सांगितलं की गेलेली चरबी दुसरीकडे घर शोधते. 2011 मधल्या अभ्यासात मांड्यांवरून काढलेली वर्षभरात वरच्या पोटावर आणि दंडांवर परत आलेली. माझीही थोडी आली, छातीखाली. तिथे मला खटकत नाही.

दिवसेंदिवस सुजलेलं पोट, घट्ट पट्टा, निळेजांभळे डाग, हे कुणी सांगत नाही ते मी सांगते. सोपं नव्हतं. पण माझं शरीर, माझा खटका.

* * *

पन्नाशी ओलांडली. पाळी थांबली आणि मांड्यांवरचं सगळं सामान वर चढून पोटावर आलं. इस्ट्रोजेन कमी झालं की चरबीचा मुक्काम हलतो म्हणे. तीच मी, तेच जेवण, तोच व्यायाम. डॉक्टरांना विचारलं काय करू, तर म्हणाल्या वजनं उचला, हाडांसाठी. पोटासाठी काय विचारलं तर म्हणाल्या, पोटाचं नंतर बघू, आधी पडून खुबा मोडायचा नाही. आमच्या वयाला प्रश्न कसे झटकन बदलतात बघा.

* * *

इस्टेटवाला परत आलो. हसण्यावारी लिहिलं होतं, पण वरचं लिव्हरचं वाचून टेप शोधली. आकडा सांगत नाही. आजोबा साठीत गेले, हृदयविकारानं. वडिलांना मधुमेह आहे. आम्ही पोटाला घराण्याची ओळख म्हणायचो आणि आजारांना नशीब. रक्त तपासायला देऊन आलोय.

ट्रेनरसाहेब, एक शंका. मी पोट घालवायला आलो नाही असं सांगितलं तर काय शिकवाल?

* * *

इस्टेटवाल्यांना : जमिनीवर बसून हात न टेकता उठता येतं का बघेन. एका पायावर किती वेळ उभे राहता ते बघेन. जड पिशव्या घेऊन किती चालता ते. हे सगळं वहीत लिहून ठेवू, दर महिन्याला परत बघू. रिपोर्ट घेऊन या, त्याप्रमाणे ठरवू. कंबर तीन महिन्यांतून एकदा मोजू, रोज नाही. आणि पोट आत न ओढता मोजू.

* * *

जुळ्यांच्या आईला विचारायचंय. माझा मुलगा आता कॉलेजात आहे. तुम्ही लिहिलेला उंचवटा माझ्या पोटावर आहे, आत्ता झोपून डोकं उचलून बघितलं. शिंकेचंही तेच. इतक्या वर्षांनी जाण्यात काही अर्थ आहे का, की आता सोडून द्यावं?

* * *

जा हो, नक्की जा. मी जिच्याकडे जायचे तिच्याकडे सत्तरीच्या बायका यायच्या, शिंकेसाठीच. स्नायू कुठल्याही वयात शिकतात असं ती म्हणायची, आणि त्यांच्यात फरक पडलेला मी पाहिलाय. फट किती भरेल ते तीच तपासून सांगेल, पण खोकला, शिंक, कंबर यांत फरक पडू शकतो. ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारी आहे ना, एवढं आधी फोनवर विचारा, सगळे फिजिओ ते करत नाहीत. सैल कपडे घालून जा. आणि आत जायच्या आधी लघवीला जाऊन या, ती खोकायला लावते.